घरी शिकणाऱ्या मुलांना आरंभीचा ख्रिस्ती इतिहास कसा शिकवता? (मासा रंगवून झाला, पुढे काय?)

कोरी_वही
आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ. इतिहासात सध्या रोमन साम्राज्य चाललंय आणि त्यातच येशूनंतरची पहिली तीनेकशे वर्षं घ्यायची आहेत. म्हणजे यरुशलेमातल्या मूठभर शिष्यांपासून इ.स. ३२५ च्या निकियातल्या बिशपांच्या परिषदेपर्यंत. घर श्रद्धाळू आहे, पण श्रद्धेचं शिक्षण रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) होतं. सोमवार ते शुक्रवार मला इतिहास हवाय.

उपक्रम शोधायला बसलं की तेच ते. मासा रंगवा. मासा कापा. माशावर टिकल्या चिकटवा. घरात इतके कागदी मासे झाले की परवा धाकट्याने विचारलं, "आई, हे सगळे लोक कोळी होते का?" येशूच्या शिष्यांतले पेत्र आणि आंद्रिया होते, ते खरं, पण प्रश्नातली खोच मला बरोबर लागली.

तर हाताला काम आणि डोक्यालाही काम, असं तुम्ही काय केलंत? दुसरा प्रश्न ख्रिस्ती लोकांच्या छळाचा. आखाडा, सिंह वगैरे आठ वर्षांच्या मुलाला किती सांगायचं? मोठी सगळं वाचते आणि रात्री दिवा मालवल्यावर धाकट्याला रंगवून सांगते, ही आणखी वेगळी अडचण.

गोगलगाय
टेबलावर मोठी चादर टाका, खाली दोघांना टॉर्च देऊन बसवा. झालं रोमचं भुयार. ते लपलेले ख्रिस्ती, तुम्ही बाहेर रोमन शिपाई. आमच्याकडे दोन तास अशी शांतता होती की शिपाई झोपून उठला.

तुटकं_खापर
गोगलगाय, झोपेचा हेवा वाटला, पण ती भुयारं लपण्यासाठी नव्हती. रोमची कॅटाकोम्ब म्हणजे दफनभूमी. शहराच्या हद्दीत मृतांना पुरायला कायद्याने बंदी होती, म्हणून शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने लोक पुरत. तिथला ज्वालामुखीचा दगड मऊ, खोदायला सोपा, त्यामुळे गल्लीखाली गल्ली होत गेली. यहुदी लोकांचीही अशी भुयारं आहेत. आणि लपायची जागा म्हणाल, तर इ.स. २५७ मध्ये सम्राट वालेरियनने ख्रिस्ती लोकांना त्यांच्या दफनभूमीत जायला बंदी घातली. म्हणजे पत्ता सरकारला चांगलाच ठाऊक होता!

तीच गत वाळूतल्या माशाची. एकाने अर्धा मासा काढायचा, समोरच्याने पुरा करायचा, ही गोष्ट फार गोड आहे, पण त्या काळच्या कुठल्याही लिखाणात ती सापडत नाही. मासा हे चिन्ह मात्र अस्सल जुनं. ग्रीकमध्ये माशाला 'इख्थुस' म्हणतात आणि त्या शब्दाची पाच अक्षरं म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या शब्दांची आद्याक्षरं.

गोगलगाय
घ्या! टेबलाखालचं भुयार दोन मिनिटांत स्मशान झालं. आता मुलं तिथे बसायची नाहीत.

तुटकं_खापर
उलट जास्त बसतील. :) टेबल राहू द्या, शिपाई काढून टाका. बुटांचे रिकामे खोके आडवे रचा, झाले भिंतीतले कोनाडे. तिथल्या भिंतींवर जे खरोखर काढलेलं आहे तेच मुलांना काढायला द्या: खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, माशाच्या पोटातून बाहेर पडणारा योना, भट्टीतले तीन तरुण, हात पसरून प्रार्थना करणारी बाई. मग विचारा, यात काय नाही? माझ्या पुतणीने पाचव्या मिनिटाला ओळखलं: क्रूसावरचा येशू कुठेच नाही. त्या आरंभीच्या भिंतींवर तो खरंच नाही. का नसेल, यावर आमचा अख्खा तास गेला. योना, भट्टी, सगळी सुटकेची चित्रं आहेत, हे तिचं तिने शोधलं. मी फक्त खोके पुरवले.

आणि मासाच हवा असेल तर मुद्रेची अंगठी करा. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने साधारण इ.स. २०० च्या सुमारास लिहून ठेवलंय की ख्रिस्ती माणसाने अंगठीवर काय कोरावं: कबुतर, मासा, जहाज, वीणा, जहाजाचा नांगर. आणि काय कोरू नये: मूर्तींचे चेहरे, तलवार, धनुष्य, प्याले. मातीची अंगठी, काडीने कोरकाम. आधी नको असलेली यादी वाचायची आणि कारणं मुलांनी सांगायची. तलवार का नको ते लगेच कळतं. प्याल्यावर घरात हशा पिकतो.

दुपारची_डुलकी
वाखुसा (वाचनखूण साठवली). खोक्यांची गोष्ट आजच करते.

मोडीवाचक
आमचा हुकमी उपक्रम म्हणजे पत्र. बायबलच्या नव्या करारातला मोठा भाग पत्रांचाच आहे, आणि पत्र कसं लिहिलं जायचं हे मुलांना कोणी सांगतच नाही. प्रेषित पौल स्वतः बसून लिहीत नव्हता, सांगत होता. रोमकरांस पत्राच्या शेवटी लिहिणारा मध्येच डोकं वर काढतो आणि म्हणतो की हे पत्र लिहिणारा मी तर्तिय तुम्हांला सलाम सांगतो. सोळा अध्याय मान खाली घालून लिहिल्यावर एक ओळ स्वतःची! मला तो माणूस फार आवडतो. गलतीकरांस पत्रात पौल शेवटी स्वतः लेखणी घेतो आणि म्हणतो, बघा, किती मोठ्या अक्षरांत मी लिहितोय.

तर एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. अट अशी की शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत. त्या काळी ग्रीक तसंच लिहीत. आपल्याला हे समजायला सोपं आहे, मोडीतही आधी आडवी रेघ ओढून खाली सलग अक्षरं भरत जायची, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने बघायचं. मग ते पत्र तिसऱ्याला मोठ्याने वाचायला द्यायचं. पहिल्या फटक्यात कोणालाच जमत नाही. मग मुलांना कळतं की मंडळीत 'वाचक' असं वेगळं पद का होतं.

आणखी एक गंमत. त्या हस्तलिखितांत देव, येशू, ख्रिस्त, प्रभू हे शब्द पूर्ण लिहीत नसत. पहिलं आणि शेवटचं अक्षर, वर रेघ. मुलांना पत्रात तसं करायला सांगा. गुप्त लिपीसारखं वाटतं, पण ती होती आदराची खूण.

कोरी_वही
मोडीवाचक, हे उद्याच करते. कुठलं पत्र घेता? लहान हवं.

मोडीवाचक
फिलेमोन. पंचवीसच ओवी. एका गुलामाबद्दलचं पत्र, आणि तो गुलाम, अनेसिम, बहुधा स्वतःच ते घेऊन मालकाकडे गेला असावा. 'अनेसिम' म्हणजे उपयोगी, आणि पौल त्या नावावर कोटी करतो: पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे. माझ्या मुलाने सरळ विचारलं, "मग पौलाने 'सोडून दे' असं स्पष्ट का नाही लिहिलं?" चांगला प्रश्न आहे. गुळगुळीत उत्तर देऊन तो मारू नका. आम्ही तिघांनी फिलेमोनची उत्तरं लिहिली. तीन वेगवेगळी झाली.

(वर 'ओवी' लिहिलं, 'वचन' म्हणायचं होतं. सवय!)

उलटा_प्रवाह
काडी टाकतो, हलकेच घ्या. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या धर्माचा इतिहास आईने शिकवायचा म्हणजे तो इतिहास राहतो का? पेत्राला उलटं क्रूसावर चढवलं, थोमा भारतात आला, हे सगळं 'इतिहास' म्हणूनच कानावर पडणार. मग मोठेपणी पोरगं काहीतरी वाचतं आणि सगळंच खोटं होतं असं म्हणत फिरतं. माझ्याच बाबतीत झालंय.

गोगलगाय
धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसलो आहे.

तीन_चिठ्ठ्या
उलटा_प्रवाह, मुद्दा रास्त आहे आणि माझं हे नाव त्याच भानगडीतून आलंय. आमच्या भिंतीवर कालरेषा आहे, तिच्यावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या लागतात. निळी: त्या काळच्या माणसाने लिहिलेलं किंवा घडवलेलं, जे आज हातात आहे. हिरवी: पुढच्या पिढ्यांनी सांगितलेलं. पिवळी: आपला अंदाज.

अंत्युखिया शहरात शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हणू लागले, हे नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, निळी. पेत्राचा उलटा क्रूस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लिखाणात येतो, पेत्रानंतर शंभरेक वर्षांनी, म्हणून हिरवी. थोमाचं भारतात येणं तिसऱ्या शतकातल्या सिरियाक भाषेतल्या लिखाणात आहे, इ.स. ५२ हे साल परंपरेने सांगितलेलं, दोन्ही हिरव्या. हिरवी म्हणजे खोटं नव्हे, हे मुलांना दहा वेळा सांगावं लागतं. मोठ्यांना वीस वेळा.

फायदा असा की मुलं चिठ्ठीच्या रंगावरून भांडतात, श्रद्धेवरून नाही. माझी सात वर्षांची परवा पाहुण्यांना म्हणाली, "काका, ही तुमची गोष्ट पिवळी आहे."

उलटा_प्रवाह
पिवळी गोष्ट! :) मान्य. मला लहानपणी या चिठ्ठ्या मिळायला हव्या होत्या.

उंटावरून
शेळ्या हाकतो थोड्या. माझा उपक्रम गणिताचाही आहे.

मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा) एक तुकडा आहे. साधारण ९ सेंमी उंच, ६ सेंमी रुंद, खेळायच्या पत्त्याएवढा. नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. एका बाजूला अठराव्या अध्यायातली ३१ ते ३३ वचनं, मागच्या बाजूला ३७ आणि ३८. दोन्ही बाजूंना एकाच ग्रंथाचा पुढचा-मागचा मजकूर, म्हणजे ही गुंडाळी नव्हे, पानं उलटायचं पुस्तक. आणि मधली वचनं मोजली की एका पानावर किती मजकूर मावत होता ते काढता येतं!

करायचं असं: कुठल्याही जुन्या पुस्तकाचं एक पान दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करा, मधला पत्त्याएवढा तुकडा फाडून मुलांना द्या, मूळ पुस्तकाची दुसरी प्रत द्या, पण आकाराने वेगळी. मुलांनी तुकडा कुठला ते शोधायचं, मग पुढच्या आणि मागच्या मजकुरातलं अंतर मोजून हरवलेल्या पानाची उंची काढायची. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला दोन सेंमीची चूक आली आणि तो आठवडाभर चहाच्या पावत्यासुद्धा पपायरससारख्या धरत होता.

शिवाय शर्यत. एकाला कागदाची लांब गुंडाळी, दुसऱ्याला तोच मजकूर शिवलेल्या पुस्तकात. "अमुक वाक्य शोध." पुस्तकवाला जिंकतो. बाकीचं जग गुंडाळीला चिकटून असताना ख्रिस्ती लोकांनी पुस्तक इतक्या लवकर का उचललं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मुलांनाही घालू द्या.

दुपारची_डुलकी
माझी मोठी विचारतेय, मग नव्या करारातली पुस्तकं निकियाला मतदान करून ठरवली ना?

तुटकं_खापर
नाही हो, हा गैरसमज अमर आहे. निकियाला त्यावर निर्णय झालाच नाही. आज आहेत तीच नेमकी २७ पुस्तकं ज्या जुन्यात जुन्या यादीत दिसतात ती बिशप अथनासियसच्या इ.स. ३६७ च्या पत्रातली. निकियाचा मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता, पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा की निर्माण केलेला.

उंटावरून
आणि तो वाद एका अक्षराचा! 'होमोऊसियोस' की 'होमोइऊसियोस', एकच की सारखा. आपल्याकडे 'ध' चा 'मा' झाला, तिकडे एका आयोटावरून (ग्रीक 'इ'वरून) साम्राज्य पेटलं. मुलांना 'धरावे-मारावे' सांगितलं की लगेच डोळे चमकतात.

तुटकं_खापर
उदाहरण झकास, पण साल सरकवा. आयोटाची ती ओढाताण मुख्यतः निकियानंतरची, इ.स. ३५० च्या दशकातली. निळ्या चिठ्ठीवर चुकीची तारीख नको.

उंटावरून
खाली उतरतो.

शिडीवरची_सावली
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. छळ मुलांना किती सांगायचा?

आम्ही चूक केली होती. रविवारच्या वर्गात कोणीतरी सम्राट नीरोने केलेल्या छळाची सगळी गोष्ट तपशिलासकट सांगितली आणि माझी मुलगी, तेव्हा साडेसातची, दोन आठवडे आमच्या मध्ये झोपली. मग मी पर्पेतुआकडे गेले. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, इ.स. २०३, साधारण बावीस वर्षांची बाई, अंगावर पिणारं बाळ. तिने तुरुंगात लिहिलेली टिपणं आज उपलब्ध आहेत, त्या काळच्या एका बाईने स्वतः लिहिलेली. शेवट मी सांगितला नाही. तिचं स्वप्न सांगितलं: आकाशापर्यंत गेलेली कांस्याची अरुंद शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी आणि आकडे लटकवलेले, पायथ्याशी अजगर. ती त्याच्या डोक्यावरच पाय ठेवून चढते आणि वर बाग असते, तिथे एक म्हातारा मेंढपाळ धार काढत बसलेला. मुलीने पाच फूट कागदावर शिडी काढली. अजगर तिने पायपुसण्याएवढा केला. भीती गेली ती तिथे.

अजून एक प्रसंग. वडील विनवायला येतात, नाव सोड म्हणतात. ती कोपऱ्यातल्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? तसंच मलाही मी आहे त्याशिवाय दुसरं काही म्हणता येत नाही. हा संवाद मुली-वडिलांनी वाचून दाखवावा. आमच्या घरच्या वडिलांना पुढचं वाचवेना, ते पाणी प्यायला गेले.

उलटा_प्रवाह
पण शेवट लपवणं पटत नाही. कधीतरी कळणारच.

शिडीवरची_सावली
लपवला नाही, लांबवला. दहाव्या वर्षी तिने स्वतः वाचला. रडली, झोपली मात्र आपल्या खोलीत.

तीन_चिठ्ठ्या
सहमत. शिवाय मुलांना वाटतं तीनशे वर्षं रोज सिंह. तसं नव्हतं. छळ बहुतांश वेळा स्थानिक आणि तुटक होता. साम्राज्यभर आदेश निघाला तो सम्राट डेसियसचा, इ.स. २४९-२५० च्या सुमारास, आणि तोही 'ख्रिस्ती लोकांना पकडा' असा नव्हता. सगळ्यांनी देवांना बळी द्या आणि दाखला घ्या, असा होता. ते दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेत, चाळीसहून जास्त. 'मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो, आता तुमच्यासमोर केलं, मांस चाखलं, शिक्का द्यावा' अशा अर्थाचा ठरलेला मसुदा. एक दाखला तर मगरदेवाच्या पुजारणीचा आहे! तिलाही सुटका नव्हती.

उपक्रम: दाखल्याचा कोरा नमुना करा, घरातला एक जण खिडकीशी कारकून. प्रत्येकाने ठरवायचं: बळी द्यायचा, पैसे चारून नुसता दाखला घ्यायचा, पळून जायचं की नकार द्यायचा. चारही गोष्टी तेव्हा लोकांनी केल्या. मग छळ संपतो आणि खरा तास सुरू होतो: ज्यांनी दाखला घेतला त्यांना मंडळीत परत घ्यायचं का? कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः तेव्हा लपून राहिला होता, त्यामुळे त्याला टोमणेही खावे लागले. परत आल्यावर त्याने प्रत्येकाची बाब वेगळी तपासा, पश्चात्तापाला वेळ द्या, असा मार्ग काढला. माझ्या मुलाने दाखला विकत घेतला होता आणि मुलीने त्याला परत घ्यायला ठाम नकार दिला. संध्याकाळपर्यंत बोलणं बंद.

गोगलगाय
यातून पळून जाणारा मी. टेबलाखाली.

कोरी_वही
हसून पुरेवाट. कारकून मीच होणार, शिक्का मारायची हौस जुनी आहे.

मोडीवाचक
लेखी पुरावा हवा तर प्लिनीही घ्या. साधारण इ.स. ११२, काळ्या समुद्राकाठच्या बिथिनियाचा राज्यपाल, सम्राट त्राजानला विचारतो: या ख्रिस्ती लोकांचं करू काय? चौकशीत त्याला काय मिळालं, तर ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात, चोरी-लबाडी न करण्याची शपथ घेतात. माहिती काढायला त्याने दोन दासींचा छळ केला, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. (हे वाक्य लहानासाठी गाळता येईल.) प्लिनीचं पत्र वाचून थांबायचं. त्राजानचं उत्तर मुलांनी लिहायचं, मग खरं उघडायचं: शोधत फिरू नका, कोणी पुढे आणले आणि त्यांनी नाकारलं नाही तर शिक्षा, निनावी तक्रारी मात्र घेऊ नका. माझा मुलगा म्हणाला, "हे म्हणजे बाबांसारखं झालं. केलंस तर मारीन, पण मी बघायला येणार नाही."

पायरीवरचा
दिदाखे कोणी घेतलं नाही अजून? आरंभीच्या मंडळ्यांची नियमांची छोटी पुस्तिका. शतकानुशतकं गायब होती, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखित मिळालं. त्यात फिरत्या उपदेशकांबद्दल नियम आहे: एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरीशिवाय काही मागू नये, पैसे मागितले तर खोटा.

दुपारची_डुलकी
पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली! म्हणजे आपल्या आज्यांनी दिदाखे वाचलं होतं.

पायरीवरचा
अगदी. उपक्रम काय, तर मुलं यजमान, मोठ्यांनी उपदेशक होऊन दार वाजवायचं. कोण खरा, कोण खोटा, नियम लावून ठरवा. माझ्या मेव्हण्याला पोरांनी अर्ध्या तासात बाहेर काढलं. तो खरंच तिसऱ्या दिवशी होता.

शांत_वाचक
बरीच वर्षं नुसती वाचते, आज लिहिते.

उत्तर आफ्रिकेत किर्ता नावाचं शहर होतं. १९ मे ३०३ रोजी, सम्राट डायोक्लेशियनच्या आदेशाने, नगरातले अधिकारी तिथल्या मंडळीच्या घरात झडतीला आले. कारकुनाने जे जे सापडलं त्याची यादी केली. पुढे, इ.स. ३२० मध्ये, दुसऱ्याच एका भांडणात तो जुना कागद न्यायालयात वाचून दाखवला गेला, म्हणून आपल्यापर्यंत पोचला.

यादीत सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा पेले आहेत, दिवे आहेत. आणि मग: बायकांचे झगे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांच्या पायताणांचे जोड १३, बायकांच्या पायताणांचे जोड ४७. ग्रंथालयात गेले तर कपाटं रिकामी. पुस्तकं वाचकांकडे आहेत, असं बिशप सांगतो. वाचकांची नावं विचारली तेव्हा दोन उपसेवक म्हणतात, आम्ही दगा देणारे नाही, आम्ही इथे आहोत, मारायचं तर मारा.

मी मुलांना काहीच सांगत नाही. फक्त यादी देते, 'झडती' एवढं एकच शीर्षक घालून, आणि विचारते: हे घर कोणाचं? इथे काय चालायचं? बास. बाकी ती करतात.

तुटकं_खापर
शांत_वाचक, इतकी वर्षं गप्प राहिलात याबद्दल निषेध. आणि त्या शहराचं नाव पुढे बदललं: कॉन्स्टँटाईन. सम्राटाच्या नावावरून, आज अल्जीरियात आहे. ज्या गावात मंडळीवर झडती पडली त्याला पहिल्या ख्रिस्ती सम्राटाचं नाव मिळालं, तेही त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत.

उंटावरून
अवांतर: धाडसी मुलांसाठी प्रेषितांच्या कृत्यांतलं सत्ताविसावं. वादळ, जहाजावर २७६ माणसं, गहू समुद्रात टाकलेला. रात्री दोरीला वजन बांधून खोली मोजतात: वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर. पोरांकडून त्यांच्या त्यांच्या वावेने दोरीला गाठी मारून घ्या आणि वीस वाव अंगणात पसरा. जमीन जवळ येतेय हे अंधारात कसं कळलं, ते न सांगता कळतं.

कोरी_वही
तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

पत्र झालं. जागा न सोडता लिहिलेलं माझं मलाच वाचता आलं नाही, मुलीने वाचलं. तिने शेवटी स्वतःची एक ओळ घातली होती: "हे पत्र लिहिणारी मी, माझा हात दुखतोय." तर्तियलाही दुखला असेल, म्हणाली.

दाखल्याचा खेळ अर्धा फसला. धाकट्याने बळी द्यायचं ठरवलं, कारण त्याला शिक्का हवा होता. नकार दिला तर शिक्का मिळणार नाही हे कळल्यावर रडला. पुढच्या वेळी शिक्का कागदापुरताच, हातावर नाही.

छळाचं मी शिडीवरच थांबवलं. मोठीशी करार झालाय, रात्री गोष्ट सांगायची तर तिने निळी चिठ्ठी आधी मला दाखवायची. आतापर्यंत एकही चिठ्ठी आली नाही, त्यामुळे रात्री भुताच्या गोष्टी चालू आहेत.

आणि किर्ताची यादी. पहिली दहा मिनिटं दोघांचं एकमत की हे दुकान आहे. मग मुलगी म्हणाली, दुकानात सोन्याचे पेले नसतात. मग नाटक कंपनी. मग तिने भागाकार केला, बायकांचे झगे पुरुषांच्या पाचपटीहून जास्त, आणि पायताणं साडेतीनपट. "इथे बायका जास्त यायच्या." धाकटा म्हणाला, आपले कपडे इथे ठेवून त्या घरी कशा जाणार? ते कपडे त्यांचे नाहीत, त्यांना द्यायचे आहेत. मी गप्प होते. अगदी गप्प, शांत_वाचक, तुमची शपथ. मग मी तिला विधवा आणि गरिबांना मंडळी कपडे देत असे ते दाखवलं, तर ती म्हणाली, आम्ही काढलंच होतं.

कागदी मासे मी कचऱ्यात टाकणार होते. धाकट्याने एक काढून घेतला आणि रिकाम्या कपाटाच्या चित्रावर चिकटवला. का, ते सांगत नाही.

त्याचा एक प्रश्न उरलाय. यादीत लहान मुलांचे कपडे का नाहीत? मोठी म्हणते, मोठ्यांचेच कापून शिवत असतील. तो म्हणतो, नाही, झडतीच्या आधीच वाटून झाले असतील, कारण मुलांना आधी देतात.

शांत_वाचक
हे मला कधी सुचलं नव्हतं.

तीन_चिठ्ठ्या
लावा भिंतीवर. पिवळी, पण मोठी.